टाकी भरताना पंपाचा स्पीड सारखा वर-खाली होतोय, ट्रिप होतोय, नाहीतर टाकी ओसंडून वाहतेय? ड्राइव्ह बदलायच्या आधी एवढं बघा

नाशकात आता बऱ्याच सोसायट्यांनी खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवायच्या पंपाला ड्राइव्ह बसवलाय, म्हणजे व्हीएफडी, मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा डबा. वरच्या टाकीत लेव्हल सेन्सर सोडलेला असतो, टाकी रिकामी असली की मोटर जोरात, भरत आली की हळू, भरली की बंद. दिंडोरी-निफाडकडे विहिरीतून शेततळ्यात पाणी टाकणाऱ्या मोटरींवर पण हे दिसायला लागलंय. सोय चांगलीच आहे, मोटर झटका न खाता सुरू होते, पाइपात धडधड होत नाही. पण बिघडलं की पहिला आळ ड्राइव्हवर येतो, कोणीतरी सांगतं ड्राइव्ह गेला, नवीन टाका, आणि सोसायटीचे हजारो रुपये जातात, वर तोच त्रास महिन्याभरात परत सुरू.

माझं काम हेच, पंप आणि पॅनलचं. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड, कुठेही जा, तक्रार साधारण एकच असते आणि ड्राइव्ह स्वतः खराब निघतो असं फार कमी वेळा होतं. एकतर ड्राइव्हला मिळणारी लेव्हल खोटी असते, नाहीतर त्याला ज्या स्पीडवर चालवलंय त्या स्पीडला पंप पाणी उचलूच शकत नसतो. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावलाय, आधी फुकटात होणारं, मग पाचपन्नास रुपयांचं, मग मीटर लागणारं, आणि सेटिंगला हात सगळ्यात शेवटी.

लक्षणं, म्हणजे तुमचा आजार यातला कुठला ते ठरवा

- टाकी अर्धी असताना मोटरचा आवाज वर-खाली वर-खाली होतो, डिस्प्लेवर हर्ट्झ (ड्राइव्ह मोटरला देतो त्या विजेची फ्रिक्वेन्सी, ५० म्हणजे पूर्ण स्पीड) ४२, ४८, ४३, ५० असं नाचतं.
- मोटर कायम ५० वरच पळते, टाकी भरून पाणी गच्चीवरून खाली येतं तरी थांबत नाही.
- मोटर हळू फिरतेय, आवाज पण येतोय, पण वर पाणी पडत नाही.
- टाकी भरली, मोटर बंद झाली, दहा मिनिटांनी कोणी नळ पण उघडलेला नसताना परत चालू.
- पहाटे बरोबर चालतं, दुपारी ट्रिप.
- पाऊस पडला किंवा वीज कडाडली की त्या दिवसापासून लेव्हल भलतीच दाखवतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. तुमची मोटर सिंगल फेजची, कपॅसिटरवाली असेल (घरगुती एक एचपीचा पंप असतो तसा) तर तिला साधा ड्राइव्ह चालतच नाही. कपॅसिटर तापतो, मोटर तापते, ड्राइव्ह पण जातो. अशा ठिकाणी कोणी ड्राइव्ह जोडून दिला असेल तर पुढचं काही तपासत बसू नका, थ्री फेज मोटर लावायची नाहीतर साधा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा चालू-बंदचा स्विच) आणि स्टार्टर, दोनच रस्ते आहेत.

आधी डिस्प्ले आणि टाकी, दोन्ही एकाच वेळी बघा

याला पैसा लागत नाही, फक्त दोन माणसं आणि एक फोन. एक जण पॅनलपाशी, दुसरा गच्चीवर टाकीचं झाकण उघडून. ड्राइव्हवर फीडबॅक म्हणून टक्का दिसतो, तो वाचा आणि वरच्याला विचारा, "दादा, पाणी कुठवर आहे?" टाकी निम्मी असेल आणि इथे ५० च्या आसपास दिसत असेल तर सेन्सर बऱ्यापैकी खरं बोलतोय. टाकी काठोकाठ आणि इथे ४० टक्के, तर पुढचा सगळा वेळ सेन्सर, त्याची वायर आणि त्याचं सेटिंग यावर घालवायचा, मोटरकडे बघायचं पण नाही. ही एक गोष्ट सोडून लोक थेट सेटिंग बदलायला लागतात आणि मग मूळ सेटिंग काय होतं तेच कोणाला आठवत नाही. म्हणून काहीही बदलायच्या आधी फोनवर प्रत्येक पॅरामीटरचा, म्हणजे सेटिंगच्या आकड्याचा, फोटो काढा. ट्रिप झालं असेल तर रीसेट मारायच्या आधी त्या कोडचा पण फोटो घ्या, कारण नंतर येणाऱ्या माणसाला तो कोडच अर्धं काम करून देतो.

मग ड्राइव्हला ऑटोमधून काढा आणि एकाच स्पीडवर चालवा

जवळपास सगळ्या ड्राइव्हला लोकल किंवा मॅन्युअल मोड असतो, कीपॅडवरून हर्ट्झ देता येतं. टाकीत जागा आहे आणि खालच्या टाकीत पाणी आहे हे बघून ४८ वर दहा मिनिटं चालू द्या. हर्ट्झ अजिबात हलत नाही, करंट स्थिर, वर पाणी जोरात पडतंय, तर ड्राइव्ह, मोटर, केबल, पंप सगळे ठणठणीत आहेत, तुमचा दोष सेन्सर, त्याची वायर नाहीतर सेटिंग यात आहे. मॅन्युअलला पण करंट नाचतोय किंवा ट्रिप होतोय, तर दोष पाण्याच्या बाजूला नाहीतर विजेच्या बाजूला. एवढ्या एका चाचणीने निम्मा शोध संपतो. मात्र मॅन्युअलवर टाकी भरली तरी मोटर आपोआप थांबेलच असं नाही, म्हणून वर माणूस उभा राहिलाच पाहिजे.

पाण्याची बाजू

खालच्या टाकीत पाणी किती आहे ते बघा, फुटव्हॉल्व्हच्या (पंपाच्या ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाचा जाळीवाला व्हॉल्व्ह) वर निदान दीड-दोन फूट पाणी हवं. महापालिकेचं पाणी कमी दाबाने आलं की खालची टाकी पुरती भरत नाही, पंप जोरात ओढतो, पाण्यात भोवरा पडतो आणि भोवऱ्यातून हवा आत जाते, पंप हवा धरतो, करंट पडतो, मग परत पाणी येतं, करंट वाढतो. डिस्प्लेवर बघणाऱ्याला वाटतं ड्राइव्ह वेडा झाला. पावसाळ्यात धरणात नवीन पाणी आलं की नळाला गढूळ पाणी येतं, तो सगळा गाळ खालच्या टाकीच्या तळाशी बसतो आणि फुटव्हॉल्व्हची जाळी बुजते. शेतावर ज्याला सगळे फुटबॉल म्हणतात तोच हा. जाळी साफ करा, खर्च शून्य. पण टाकीत उतरून नाही, वरून ओढून काढा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता टाकी भरल्यावर पंप थोड्या वेळाने आपोआप परत चालू होणारी तक्रार. इथे नव्वद टक्के वेळा, म्हणजे माझ्या अंदाजाने, एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह) गळतो. डिलिव्हरी पाइप वरच्या टाकीत तळाजवळून आत जात असेल तर पंप बंद झाला की टाकीतलंच पाणी पाइपातून परत खाली यायला लागतं, लेव्हल उतरते, सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो की पाणी कमी झालं, ड्राइव्ह परत जागा होतो. ओळखायचं कसं, तर पंप थांबल्यावर मोटरच्या मागच्या पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. पंखा थांबून मग उलटा फिरायला लागला तर एनआरव्ही गेला. आणि उलट्या फिरणाऱ्या मोटरला ड्राइव्हने परत सुलट सुरू करायला गेलं की ओव्हरकरंट किंवा ओव्हरव्होल्टेजचा ट्रिप पण येतो, म्हणजे एका गळक्या व्हॉल्व्हपायी दोन वेगळ्या तक्रारी येतात. एनआरव्ही बदलणं प्लंबरचं तासाभराचं काम आहे, ड्राइव्हच्या किमतीपुढे ते काहीच नाही.

सेन्सर: पाण्यात कुठे आणि कसा लटकतोय

सोसायट्यांमध्ये दोन प्रकार जास्त दिसतात, एक पाण्यात बुडवायचा, जो वरच्या पाण्याचा दाब मोजतो, आणि दुसरा झाकणाला लावायचा अल्ट्रासॉनिक, जो आवाज पाठवून पाण्यापासूनचं अंतर मोजतो.

बुडवायचा असेल तर पहिलं बघा की तो पाइपातून पाणी पडतं त्याच्या खाली तर नाही ना. पडणाऱ्या पाण्याने सेन्सर हलतो, रीडिंग नाचतं, ड्राइव्ह त्या नाचण्यामागे धावतो. उपाय अगदी स्वस्त, तीन-चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्यायचा, खालच्या बाजूला भोकं पाडायची, टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभा बांधायचा आणि सेन्सर त्याच्यात सोडायचा. आतलं पाणी शांत राहतं. सेन्सर तळाला टेकवू नका, चार बोटं वर ठेवा, गाळात रुतला की तोंड बुजतं आणि लेव्हल एका जागी चिकटून बसते. तोंडाला शेवाळ असेल तर पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. सुई, खिळा, स्क्रूड्रायव्हर काहीही आत घालायचं नाही, आतला पडदा कागदासारखा पातळ असतो, एकदा फाटला की सेन्सर फेकायचा.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक बघतात. या सेन्सरच्या केबलमध्ये तांब्याच्या वायरींसोबत एक बारीक पोकळ नळी असते, ती वर मोकळ्या हवेत उघडी हवी. सेन्सर पाण्याचा दाब मोजतो पण पाण्यावर हवेचा पण दाब आहेच, तो वजा करायला ही नळी लागते. परवा गंगापूर रोडच्या एका गच्चीवर जंक्शन बॉक्स उघडला तर कोणीतरी ती नळी फालतू समजून केबलसकट काळ्या टेपने गच्च गुंडाळली होती, वर एम-सील पण लावलेलं. काम अगदी मन लावून केलं होतं, पण त्यामुळे सकाळ-दुपारचं रीडिंग कधीच जुळत नव्हतं. हवेच्या दाबात १ मिलिबारचा फरक म्हणजे पाण्याच्या उंचीत साधारण १ सेंटीमीटर, आणि बंद नळीतली हवा उन्हाने तापली की फरक आणखी वाढतो. टेप काढली, नळीचं तोंड खाली वळवून बॉक्समध्ये मोकळं ठेवलं, बॉक्सला खालून हवा जायला ग्लँड सैल केला, रीडिंग जागेवर आलं. नळीत पाणी शिरलं असेल तर मात्र सेन्सर बहुतेक बदलावा लागतो.

अल्ट्रासॉनिकवाल्यांनी झाकणाच्या आतून सेन्सरच्या तोंडावर पाण्याचे थेंब जमलेत का बघा, थंडीत पहाटे हमखास जमतात. फडक्याने पुसा. टाकीतली शिडी किंवा पाइप त्याच्या समोर येत असेल तर तो त्यालाच पाणी समजतो. आणि पाणी सेन्सरच्या फार जवळ आलं, साधारण फूटभराच्या आत, की त्याला दिसत नाही, भरलेली टाकी एकदम रिकामी पण दाखवू शकतो. म्हणून तो झाकणापासून थोडा उंचावर बसवायचा, नाहीतर टाकी तेवढी कमी भरायची.

वायर, आणि ४ ते २० मिलीअँपची गोष्ट

इथून पुढे मल्टिमीटर लागतो. बहुतेक सेन्सर ४ ते २० मिलीअँप देतात, रिकामी म्हणजे ४, पूर्ण रेंज म्हणजे २०. शून्यापासून सुरू न करता ४ पासून का, तर वायर तुटली की करंट शून्य होतो आणि रिकामी टाकी आणि तुटलेली वायर यातला फरक कळतो.

गच्चीवरच्या जंक्शन बॉक्समध्ये मोजणं जास्त सोपं, कारण तिथे सेन्सरचं २४ व्होल्ट डीसीच असतं. तरी हात लावायच्या आधी मीटरने बघा, कारण काही ठिकाणी त्याच बॉक्समधून फ्लोटची २३० व्होल्टची वायर नेलेली मी पाहिलीय. आधी टर्मिनल बघा, हिरवट बुरशी चढलीय का, स्क्रू सैल आहे का, मुंग्यांनी घर केलंय का. नाशकात पावसाळ्यानंतरच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात, टोक कापून नवीन सोलायचं, लग लावायचा, घट्ट करायचं.

मग मीटर मिलीअँपवर ठेवून एका वायरच्या मध्ये जोडा, म्हणजे सिरीजमध्ये. काठीने टाकीतलं पाणी मोजा. समजा सेन्सर ५ मीटर रेंजचा आहे, तर प्रत्येक मीटर पाण्याला ३.२ मिलीअँप वाढतात. दीड मीटर पाणी असेल तर ४ अधिक ४.८, म्हणजे ८.८ दिसायला हवं. ८.७ किंवा ८.९ आलं तर सेन्सर ठीक. ० आलं तर वायर तुटली किंवा २४ व्होल्ट येत नाही. २० च्या वर अडकून बसला तर सेन्सर गेला किंवा पाणी शिरलं. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात विजा चमकतात, गच्चीवर लांब वायर असलेले सेन्सर त्यातच जातात. नवीन टाकताना दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर टाका, नाहीतर पुढच्या वळवात नवीन सेन्सर पण जाईल.

मिलीअँप स्थिर आहेत पण ड्राइव्हवर टक्का नाचतो, तर वाटेत गडबड आहे. सेन्सरची वायर मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून नेलेली असते, बिल्डरच्या वायरमनला तो सोपा रस्ता वाटतो. ड्राइव्हमधून मोटरकडे जाणाऱ्या केबलमध्ये फार खरखर असते आणि ती शेजारच्या बारीक सिग्नलमध्ये उतरते. सिग्नलची वायर जाळीवाली, म्हणजे शिल्डेड हवी, मोटरच्या केबलपासून निदान फूटभर लांब, आणि जाळी फक्त ड्राइव्हच्या टोकाला अर्थ करायची, दोन्ही टोकांना केली तर जाळीतूनच करंट फिरतो आणि खरखर वाढते.

आणि ड्राइव्हच्या आत एक बारीक स्विच किंवा जम्पर असतो, इनपुट व्होल्टेज की करंट ते ठरवणारा. नवीन ड्राइव्ह बसवला आणि लेव्हल येतच नाही, तेव्हा हा स्विच व्होल्टेजवर राहिलेला असतो. पण तो ड्राइव्हच्या झाकणाच्या आत आहे, म्हणून सवय नसेल तर तुम्ही उघडू नका.

स्केलिंग, ज्यामुळे टाकी ओसंडते

सेन्सर ५ मीटरचा, टाकी फक्त २ मीटर खोल. टाकी काठोकाठ भरली तरी सेन्सर १०.४ मिलीअँपच देणार. ड्राइव्हला मात्र कंपनीतून सांगून पाठवलंय की २० म्हणजे १०० टक्के. मग त्याच्या हिशोबाने भरलेली टाकी ४० टक्केच, त्याला ८० टक्के गाठायचेत, तो बिचारा ५० हर्ट्झवर पळत राहतो आणि पाणी गच्चीवरून वाहतं. ड्राइव्हमध्ये अॅनालॉग इनपुटची वरची मर्यादा १०.४ करायची, किंवा तेवढ्याच टक्क्यांनी, प्रत्येक कंपनीचा पॅरामीटर नंबर वेगळा असतो, मॅन्युअलमध्ये बघायचा. नवीन सेन्सर घेताना टाकीच्या खोलीजवळच्या रेंजचाच घ्या.

पंप फिरतोय पण पाणी चढत नाही: मिनिमम हर्ट्झ

हा भाग नीट वाचा, कारण मोटरी इथे जळतात. पंपाचा स्पीड कमी केला की पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, पण पंप जेवढ्या उंचीवर पाणी फेकू शकतो ती उंची स्पीडच्या वर्गाने कमी होते. ५० चे ४० हर्ट्झ केले, म्हणजे स्पीड ८० टक्के, तर उंची राहते ६४ टक्केच.

समजा पंपाच्या पाटीवर सगळ्यात जास्त हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, ३६ मीटर लिहिलंय आणि खालच्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंत २५ मीटर उंची आहे. ४० हर्ट्झला हा पंप २३ मीटरच चढवणार, पाणी पाइपात टाकीच्या दोन मीटर खाली येऊन उभं राहणार. मोटर फिरतेय, बिल चालू आहे, पाणी शून्य. हिशोब सोपा आहे, उंचीला हेडने भागा, वर्गमूळ काढा, ५० ने गुणा. २५ भागिले ३६ चं वर्गमूळ पाच-षष्ठांश, म्हणजे ४१.७ हर्ट्झ. याच्या खाली एक थेंब नाही, आणि पाइपातलं घर्षण धरून मिनिमम ४४-४५ लावायचा. बसवणाऱ्याने मिनिमम २० किंवा २५ ठेवलेला असतो, कारण ड्राइव्ह तसाच येतो. मग टाकी भरत आली की स्पीड खाली येतो, पाणी थांबतं, टाकी काही भरत नाही, लेव्हल तिथेच, आणि पंप तासन्‌तास तेच पाणी घुसळत बसतो. पंपाच्या केसिंगला हाताची पाठ लावून बघा, निरोगी पंप पाण्याइतका गार असतो, हा कोमट लागेल, कधी चटका पण बसतो. असंच राहिलं तर मेकॅनिकल सील जातं आणि मग पाणी बेअरिंगकडे सरकतं.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ड्राइव्ह विकताना "स्पीड निम्मा केला की वीज आठवा हिस्सा" असं सांगतात. पाणी गोल गोल फिरवायचं असेल तिथे ते बरोबर आहे, पण सात मजले चढवायचं असेल तर तुमच्या हातात ४५ ते ५० एवढीच जागा उरते, तिथे बिलात मोठी बचत व्हायची नाही. ड्राइव्हचा फायदा झटका न बसणं, पाइप आणि मोटर टिकणं हा आहे, आणि तेवढ्यासाठी तो घ्यावा असं माझं मत आहे, पण बचतीच्या आकड्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव करू नका.

शेतकरी मित्रांसाठी यातच एक वेगळी अडचण आहे. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाच्या छाटणीच्या वेळी विहीर भरलेली असते, तेव्हा ३८ हर्ट्झला पण शेततळ्यात पाणी पडतं आणि मिनिमम तिथे लावला जातो. एप्रिलमध्ये खरड छाटणीला विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं, उंची वाढलेली असते, तोच ३८ आता पाणी उचलत नाही. लोक म्हणतात मोटर उतरली. मोटर उतरलेली नाही, मिनिमम हर्ट्झ उन्हाळ्याचा हिशोब करून लावा. बोअरची सबमर्सिबल असेल तर ३० च्या खाली कधीच नाही, तिचं थ्रस्ट बेअरिंग (फिरणाऱ्या भागाचा भार पेलणारं) पाण्याच्या पातळ थरावर तरंगतं आणि हळू फिरलं की तो थर तुटतो, शिवाय मोटर थंड पण तिच्या बाजूने वाहणाऱ्या पाण्यानेच होते. सुरू होताना ३० पर्यंत एखाद्या सेकंदात पोचायला हवी, तिला सावकाश चढवायची नाही.

सिंगल फेज इनपुटच्या ड्राइव्हवर तीन एचपीपर्यंतची थ्री फेज मोटर असेल आणि ती मुळातच ओढत नसेल तर मोटरचं कनेक्शन बघायला सांगा. असा ड्राइव्ह बाहेर २३० व्होल्टच देतो आणि ४१५ साठी स्टारमध्ये जोडलेली मोटर त्यावर अर्धमेली चालते, तिला डेल्टा करावं लागतं (स्टार आणि डेल्टा या मोटरचं वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती). हे वायरमननेच करायचं.

आता पीआयडी

वरचं सगळं ठीक असेल तरच इथे या. पीआयडी म्हणजे ठरवलेली लेव्हल गाठायला स्पीड आपोआप कमी-जास्त करणारा ड्राइव्हमधला हिशोब, पी, आय आणि डी हे त्याचे तीन आकडे. टाकी ही फार सावकाश बदलणारी गोष्ट आहे, पण ड्राइव्हची मूळ सेटिंग बऱ्याचदा प्रेशरच्या कामासाठी असते, तिथे सगळं सेकंदात घडतं. त्यामुळे टाकीवर ती घाईची ठरते, ड्राइव्ह जरा कमी पाणी दिसलं की उड्या मारतो, मग जास्त झालं म्हणून पार खाली येतो. पी कमी करा, आय टाइम वाढवा, एक-दोन सेकंद असेल तर साठ, शंभर सेकंदांपर्यंत न्या, डी शून्य ठेवा, इनपुट फिल्टर दोन-तीन सेकंद. एका वेळी एकच बदला आणि अर्धा तास बघा. स्लीप आणि वेक-अप यात अंतर हवं, ९५ टक्क्यांना झोपला तर ७०-७५ ला उठू दे, ९३ ला नाही.

खरं सांगायचं तर नुसती टाकी भरायला पीआयडी लागतच नाही. मी हल्ली पीआयडी बंद करून उलटी सरळ रेघ लावतो, टाकी रिकामी असताना ५० हर्ट्झ, भरत आल्यावर ४५, आणि चालू-बंद वेगळ्या फ्लोटवर. नाचायला काही उरतच नाही. यात एकच धोका आहे, वायर तुटली आणि सिग्नल शून्य झाला तर ड्राइव्हला टाकी रिकामी वाटून तो पूर्ण जोरात चालेल. म्हणून सिग्नल ४ च्या खाली गेला की थांब, हे सेटिंग ड्राइव्हमध्ये चालू केलंच पाहिजे, आणि टाकीच्या वरच्या काठाला एक साधा फ्लोट जो सेन्सर काहीही म्हणो, मोटर थेट बंद करेल. हा फ्लोट पीआयडीवाल्यांना पण तेवढाच लागतो. त्याची किंमत काहीशे रुपये असते आणि तो नसलेलं पॅनल मी अर्धवट समजतो.

दुपारी ट्रिप

पॅनल गच्चीवर किंवा पश्चिमेच्या उन्हात असेल, पत्र्याच्या पेटीत हवा फिरत नसेल, तर मे महिन्यात ४० डिग्रीला आतला ड्राइव्ह भाजून निघतो. पॅनलचा पंखा फिरतोय का, जाळीत धूळ, जळमटं, मेलेली पाल आहे का बघा. वर छोटी पत्र्याची सावली केली तरी फरक पडतो. शेतावर दुपारी व्होल्टेज पडतं, मग अंडरव्होल्टेजचा कोड येतो, तिथे ड्राइव्हचा दोष नसतो, कोडचा फोटो आणि व्होल्टेजचं रीडिंग घेऊन महावितरणकडे जा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ड्राइव्हचं पॉवरचं झाकण तुम्ही उघडायचं नाही. थ्री फेजच्या ड्राइव्हमध्ये आत जवळपास ५९० व्होल्ट डीसी साठलेलं असतं आणि मेन बंद केल्यावर पण ते लगेच जात नाही, जाणकार माणूस सुद्धा दहा मिनिटं थांबून मीटरने शून्य बघितल्याशिवाय हात घालत नाही.

ओव्हरकरंट किंवा अर्थ फॉल्ट रीसेट केल्यावर सुरू होताच परत आला तर तिसऱ्यांदा रीसेट मारू नका, मोटरच्या वाइंडिंगमध्ये किंवा केबलमध्ये पाणी उतरलेलं असू शकतं. मोटर मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) तपासायला लागेल आणि त्यासाठी केबल ड्राइव्हपासून पूर्ण सोडवावी लागते, ड्राइव्ह जोडलेला ठेवून मेगर मारला की चांगला ड्राइव्ह जागेवर मरतो. पंपाला, पाइपाला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद, सगळ्यांना फोन करून नळाला हात लावू नका सांगायचं, मग दुसरं काम. जळाल्याचा वास, पॅनलवर काळे डाग, मोटरमधून खरखर, तिथे पण तेच.

आणि खालच्या बंद टाकीत जाळी काढायला, सेन्सर काढायला, कशालाही उतरू नका, वॉचमनला तर उतरवूच नका. बंद टाकीत हवा खराब झालेली असते, वास येईलच असं नाही, आणि खाली पडलेल्याला काढायला गेलेला दुसरा पण पडतो. ते काम हवा मारून, दोर बांधून, वर माणसं उभी करून करणाऱ्यांचं आहे.

बोलावताना फोनवरच सांगा: ट्रिपचा कोड, मॅन्युअलवर नीट चालतो का, टाकीत काठीने मोजलेलं पाणी आणि ड्राइव्हवरचा टक्का, मोटर आणि पंपाच्या पाटीचा फोटो, सेन्सरची रेंज, आणि पॅरामीटरचे काढलेले फोटो. एवढं हातात असलं की येणारा माणूस बरोबर सामान घेऊनच येतो, आणि "ड्राइव्ह बदला" म्हणाला तर तुम्ही त्याला विचारू शकता की मॅन्युअलवर ४८ ला व्यवस्थित चालतोय, मग का बदलायचा?